तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार हा तमाशा या लोककलेचे जतन व प्रसार यांसाठी आयुष्य वेचणाऱ्या व्यक्तीस महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागातर्फे दिला जाणारा राज्यस्तरीय पुरस्कार आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या नारायणगावचे नाव लावणाऱ्या फडातील कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (जुलै १९३५ – १५ जानेवारी २००२) यांच्या स्मरणार्थ तो २००६ साली सुरू झाला. तमाशात नाव मिळवलेल्या नर्तकी व गायिकांबरोबरच सोंगाडे, फडमालक, गीतकार आणि थिएटरचालक यांचाही या पुरस्काराने गौरव झाला आहे.

पार्श्वभूमी

विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांनी घराण्याचा फड उभा केला. पुढे विठाबाईंचे वडील भाऊ व चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने नावारूपास आणला. तमाशातील अनेक कलावंत मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतून आले. या घराण्याने आपली जात आणि गाव ही दोन्ही फडाच्या नावात उघडपणे मिरवली, हे त्याचे वेगळेपण होय.

विठाबाईंचा जन्म पंढरपूर येथे झाला. लावणी, गवळण आणि वगातील भूमिका यांत त्यांनी लहान वयातच प्रावीण्य मिळवले. १९५७ आणि १९९० असा दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यांच्याविषयीच्या लेखनात एक प्रसंग वारंवार येतो. दिवस भरलेले असताना त्या खेळात नाचत होत्या. प्रसववेदना सुरू झाल्यावर त्या रंगमंचामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. हकिकत कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवून त्यांना विश्रांती घेण्यास सांगितले, असे सांगितले जाते. फडातील कलावंताला खेळ चुकवणे किती अवघड होते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

विठाबाईंची अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेली. शेवटच्या आजारपणातील रुग्णालयाचा खर्च देणगीदारांच्या मदतीतून भागवावा लागला. राष्ट्रपतींचे पदक मिळवलेल्या कलावंतावर अशी वेळ यावी, याची त्या काळी बरीच चर्चा झाली. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी शासनाने त्यांच्या नावाने हा पुरस्कार सुरू केला.

स्वरूप

पुरस्कार आर्थिक वर्षानुसार जाहीर होतो. रोख रक्कम, मानपत्र व मानचिन्ह असे त्याचे स्वरूप आहे. रोख रकमेचा आकडा कायम एकच राहिलेला नाही. गीतकार बशीर मोमीन कवठेकर यांना २०१८ साली पुरस्कार मिळाला, त्या सुमारास तो पाच लाख रुपये होता. नाट्यक्षेत्रासाठीचा नटवर्य प्रभाकर पणशीकर रंगभूमी जीवनगौरव पुरस्कार आणि संगीत रंगभूमीसाठीचा संगीताचार्य अण्णासाहेब किर्लोस्कर जीवनगौरव पुरस्कार हे राज्य शासनाचे याच धर्तीचे पुरस्कार होत. नागर रंगभूमीच्या पुरस्कारांच्या पंक्तीत तमाशाचा स्वतंत्र पुरस्कार आल्याने, एके काळी ‘असभ्य’ म्हणून हेटाळल्या गेलेल्या कलेला शासनदरबारी समान स्थान मिळाले.

मानकरी

पुरस्काराच्या मानकऱ्यांत पुढील नावांचा समावेश होतो :

कांताबाई सातारकर – वगातील पुरुषभूमिकांसाठीही ख्यातनाम. तुकाराम खेडकर यांच्याबरोबर काम केले व पुढे फड सांभाळला. २५ मे २०२१ रोजी निधन.
वसंत अवसरीकर
सुलोचना नलावडे
हरिभाऊ बढे
मंगला बनसोडे – विठाबाईंच्या कन्या व फडमालक.
साधू पाटसुते
अंकुश खाडे
प्रभा शिवणेकर
भीमा सांगवीकर
गंगाराम कवठेकर
राधाबाई खोडे नाशिककर
मधुकर नेराळे – मुंबईच्या लालबाग भागातील हनुमान थिएटरचे चालक.
बशीर मोमीन कवठेकर – लावण्या, गवळणी व वगांचे लेखक. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी निधन.
गुलाबबाई संगमनेरकर – लावणी कलावंत.

या यादीतील बहुतेक आडनावे गावांवरून आली आहेत. कलावंताने किंवा फडाने गावाच्या नावाला ‘कर’ जोडून ओळख धारण करावी, ही तमाशातील जुनी रीत आहे. अवसरी हे आंबेगाव तालुक्यातील गाव असून त्याचे खुर्द व बुद्रुक असे दोन भाग आहेत. कवठे येमाई हे आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील गाव असून विठाबाईंचे आजोबा मूळचे तेथलेच. नारायणगाव, अवसरी, कवठे ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. त्यामुळे राज्यस्तरीय पुरस्काराच्या यादीत पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागाचा ठसा स्पष्ट दिसतो. हे नाव जन्मगावाचेच असते असे मात्र नाही. कांताबाई सातारकर यांचा जन्म गुजरातमध्ये झाला होता; साताऱ्याचे नाव त्यांना पुढे चिकटले.

नारायणगाव आणि तमाशाचा व्यवसाय

नारायणगाव हे पुणे–नाशिक महामार्गावर मीना नदीकाठी वसलेले बाजारपेठेचे गाव असून ते ‘तमाशापंढरी’ म्हणून ओळखले जाते. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा-जत्रा भरतात. त्याआधी राज्यातील ढोलकी फडांचे मालक व व्यवस्थापक नारायणगावात राहुट्या उभारून बसतात. पुणे, अहिल्यानगर, नाशिक, ठाणे अशा जिल्ह्यांतील गावांचे यात्रा समितीचे पुढारी तेथे येतात, राहुट्यांतून फिरून दराची घासाघीस करतात आणि विसार देऊन तारीख पक्की करतात. यालाच ‘सुपारी देणे’ असे म्हणतात. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हा बाजार विशेष तेजीत असतो.

फडांचा हंगाम साधारणपणे दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. मोठ्या फडात नर्तकी, सोंगाडे, ढोलकीवाले, हलगीवाले, गायक यांच्याबरोबरच तंबू उभारणारे मजूर, वाहनचालक आणि स्वयंपाकी असतात. हंगामापूर्वी फडमालक कलावंतांना ‘उचल’ देतो व ती पुढे मेहनतान्यातून वळती होते. ही उचल देण्यासाठी मालकाला स्वतःच कर्ज काढावे लागते. यात्रांचे दिवस हातचे गेले, तर कलावंत आणि मालक दोघेही कर्जात अडकतात. पावसाळ्याचे महिने बहुतेकांना शेतमजुरीवर किंवा उसनवारीवर काढावे लागतात.

या व्यवस्थेचा कमकुवतपणा २०२० साली प्रकर्षाने दिसला. त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता आणि त्याच दिवशी करोना साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. यात्रा रद्द झाल्या, ठरलेल्या सुपाऱ्या मोडल्या आणि राहुट्या ओस पडल्या. पुढच्या, म्हणजे २०२१ च्या यात्राही निर्बंधांमुळे झाल्या नाहीत. वर्षाच्या कमाईचा मुख्य आधार सलग दोनदा हुकल्याने अनेक कलावंतांना मोलमजुरी करावी लागली.

महत्त्व व मर्यादा

पुरस्काराच्या निवडीतून तमाशाकडे पाहण्याची एक व्यापक दृष्टी दिसते. मधुकर नेराळे यांनी गिरणगावातील कामगारवस्तीत तमाशाला हक्काचे थिएटर मिळवून दिले. मोमीन कवठेकर यांनी फडांना गाणी व वग पुरवले. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग यांनी बनलेला खेळ बोर्डावरील कलावंतांइतकाच लिहिणाऱ्या, जागा पुरवणाऱ्या आणि फड चालवणाऱ्या माणसांवर उभा असतो. या माणसांचे योगदान पुरस्काराने नोंदवले आहे.

मात्र हा सन्मान एका वर्षी एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतो आणि तोही आयुष्याच्या उत्तरार्धात. विठाबाईंची अडचण मानसन्मानाच्या अभावाची नव्हती. राष्ट्रपतींचा गौरव त्यांना दोनदा लाभला होता. म्हातारपणी व आजारपणात नियमित उत्पन्न नसणे, ही त्यांची अडचण होती. पुरस्काराच्या रकमेने एखाद्या मानकऱ्याचा संसार सावरतो, परंतु हंगामावर जगणाऱ्या शेकडो कलावंतांचा प्रश्न त्यातून सुटत नाही. ते काम मानधन योजनेसारख्या व्यवस्थांकडे येते.

संबंधित योजना

वयोवृद्ध साहित्यिक व कलावंतांना मासिक मानधन देण्याची योजना राज्यात १९५४-५५ पासून चालू आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते. पूर्वी कलावंतांची राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशी प्रतवारी करून वेगवेगळे मानधन दिले जाई. २०२४ मध्ये ही तफावत काढून सर्वांना दरमहा पाच हजार रुपये देण्याचा निर्णय झाला. या योजनेसाठी कलावंताला आपल्या कलाक्षेत्रातील कामाचे पुरावे जोडावे लागतात. फिरत्या फडात आयुष्य गेलेल्या, लेखी करार वा पावत्या हाती नसलेल्या कलावंतांना असे पुरावे जमवणे कठीण जाते. अशा वेळी फडमालकाचा दाखला, जुनी जाहिरातपत्रके व छायाचित्रे यांना महत्त्व येते.