आपल्या तळघराची ओल

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले, म्हणून मी पहिल्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची वही काढायला तळघरात गेलो. वही मिळाली. पण पाने एकमेकांना चिकटून तिची वीट झालेली. आपल्या संस्थापक सभासदांच्या सह्या त्या विटेत आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण आज नाहीत. तेव्हा इतिहास लिहायचा तर त्या खोलीचाच लिहावा म्हटले. त्यात माझाही हात आहे.

पेणमध्ये तळघर म्हटले की पाहुणे चमकतात. त्यांचे बरोबरच आहे. मी मूळचा रोह्याचा. कुंडलिकेकाठच्या त्या गावात लहानपणी कुणाच्या घराला तळघर पाहिल्याचे मला आठवत नाही. उलट घरच वर उचललेले. काळ्या दगडाचे कमरेएवढे जोते, पायऱ्या चढून ओटी, मग माजघर. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायचे. भात ठेवायचे ते कणगीत, आणि कणगीसुद्धा जमिनीवर टेकवायची नाही, खाली लाकडे घालायची. आमची आजी भिंतीला ट्रंक लावू द्यायची नाही. "मागून वारा फिरला पाहिजे रे," म्हणायची. आम्हाला वाटे, म्हातारीचा सोवळेपणा!

देशावर नेमके उलटे. तिकडे धान्य जमिनीखाली पेवात ठेवत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्ध. तिथली जमीन कोरडी, म्हणून हे जमते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खड्डा खणला की त्याची विहीर होते.

मग हे शहाणपण गेले कुठे? माझ्या मते सिमेंटने नेले. मी बँकेत लागलो तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण नियंत्रण उठले, आणि आपल्या गावांतही काँक्रीटच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. (मधल्या काळात, १९८१ मध्ये, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला.) सिमेंट म्हणजे पाणी आत येणारच नाही, अशी आमच्या पिढीची ठाम समजूत. प्रत्यक्षात काँक्रीटलाही बारीक छिद्रे असतात आणि ओल त्यांतून केशाकर्षणाने चढते.

आपला प्लॉट उताराचा. त्यामुळे पुढून जो तळमजला, तो मागून सात फूट मातीत. बिल्डरने ती खोली 'स्टोअर' म्हणून दिली. मी २०११ मध्ये निवृत्त झालो आणि लगेच खजिनदार झालो. तिथे ऑफिस आणि वाचनालय करावे, ही कल्पना माझीच. भिंतीवर ओलीचे डाग होते. कंत्राटदार म्हणाला, काका, थर्माकोल लावून वर लॅमिनेटचे प्लाय मारू, एसी बसवू. थंडगार आणि चकाचक. २०१२ च्या मे महिन्यात उद्घाटन झाले. चेकवर सही माझी.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्यात वास यायला लागला. आम्ही खिडक्या उघड्या टाकल्या, तर वास वाढला! दिवाळीत कपाट हलवले तेव्हा मागचे प्लाय हाताने चुरले. आत काळी बुरशी, वाळवी, आणि खालच्या कप्प्यात वह्या. भागभांडवलाचे रजिस्टर वरच्या कप्प्यात होते म्हणून वाचले.

असे का झाले, ते मला आधी समजावले ते आपल्या गणपतीच्या एका कारागिराने. "साहेब, आतून ओली मूर्ती रंगवली तर रंग टिकेल का? तो पापुद्रा धरून सुटणारच." आम्ही ओली भिंतच रंगवली होती. पुढे एका इंजिनिअर सभासदाने शास्त्र सांगितले. थंड देशांत घर आतून गरम असते, बाष्प बाहेर जाऊ पाहते. म्हणून तिकडे अडसर आतल्या बाजूला घालतात. आपल्याकडे गरम, दमट हवा बाहेर आणि एसीची गार हवा आत, म्हणजे बाष्पाचा प्रवास बाहेरून आत. ते नेमके गार लॅमिनेटमागे अडकले आणि तिथेच त्याचे पाणी झाले. खिडक्यांचेही तसेच. पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर साधारण २८ अंशांखालच्या कुठल्याही भिंतीवर दव धरते. मातीला टेकलेली भिंत तेवढी गार असतेच. वारा हवा तो कोरडा, हे आजीला सांगावे लागले नसते.

२०१५ च्या उन्हाळ्यात मागची माती खणली. भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी न शोषणारे फोमचे तक्ते, तळाशी खडी आणि भोकांचा पाइप, पाणी उताराने गटारात. आतले सगळे प्लाय काढून चुन्याचा गिलावा केला. खर्च आधीच्या अडीचपट! सर्वसाधारण सभेत मला बरेच ऐकावे लागले, आणि ते रास्त होते. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक घातला असता तर गारव्यासाठी तोच पैसा जास्त कामी आला असता, हे एका वहिनींनी तेव्हाच सुनावले. (तोही आता झाला आहे.)

आज त्या खोलीत आर्द्रतामापक आहे. जून ते सप्टेंबर खिडक्या बंद आणि हवेतले पाणी ओढणारे यंत्र चालू. काटा साठच्या वर गेला की वॉचमन मला फोन करतो. यंत्राची बादली रोज भरते आणि ते पाणी कुंड्यांना जाते. दसऱ्यानंतर खिडक्या उघडतात. कपाटे लाकडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून वीतभर पुढे.

आता एक विनंती. पहिल्या सभेची नोटीस किंवा इतिवृत्ताची झेरॉक्स ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ती ऑफिसात दाखवायला आणावी. आम्ही लगेच स्कॅन करून परत देऊ. माळ्यावरच्या जुन्या फायली एकदा बघाच.