तळटीप : ‘रिक्षावाल्यांची मराठी’
* मूळ लेखातला हा उल्लेख २०१६ च्या वादाचा आहे. रिक्षाच्या नव्या परवान्यासाठी अर्जदाराला मराठी आलीच पाहिजे, असे परिपत्रक परिवहन विभागाने त्या वर्षी फेब्रुवारीत काढले. मीरा-भाईंदरमधील रिक्षाचालक त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१७ मध्ये ते रद्द झाले. वाद ‘अस्मिता’ आणि ‘पोटापाण्याचा हक्क’ या शब्दांत लढला गेला. जुलै २०२५ मध्ये मराठी बोलण्याच्या वादातून मीरा रोडला निघालेल्या मोर्च्यांतही अस्मितेची भाषा पुन्हा ऐकू आली. दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे. पण हा प्रौढ शिक्षणाचाही प्रश्न आहे, हे या गदारोळात हरवते. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या चाळिशीच्या माणसाने मराठी कुठे, कोणाकडून, कोणत्या वेळी शिकायची?

महाराष्ट्राला या प्रश्नाची सवय होती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत प्रौढांचे शिकणे हा साऱ्या गावाचा मान होता; गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने अक्षरओळखीबरोबर व्यवहारातील उपयोग आणि सामाजिक जाणीवही उद्दिष्टांत धरली. त्या परंपरेत शिकणारा प्रौढ हा समाजाचा सोबती होता. परवान्यासाठी मराठीची अट घातली की तो केवळ उमेदवार उरतो. भाषेचा आग्रह धरणाऱ्या राज्याने आधी वर्ग उघडावेत, तेही रिक्षा थांब्याजवळ आणि रात्री, असे संपादकाचे स्पष्ट मत आहे. — संपा.