तलवार खाणारा किडा आणि उडता जेलीफिश : टेबलटॉप गेममधले विचित्र प्राणी बनतात कसे?

चार-पाच मित्र टेबलाभोवती बसलेत. एकजण गोष्ट सांगतोय, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं झालेत. समोर कागद, पेन्सिल आणि चारपासून वीसपर्यंत बाजू असलेले फासे. स्क्रीन नाही. याला म्हणतात टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम. या प्रकाराची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून झाली असं मानतात.

आता गोष्ट म्हटली की राक्षस आले. ड्रॅगन वगैरे मंडळी जुन्या कथांमधून आली. पण काही आली थेट खेळण्यांच्या दुकानातून. गेमच्या दोन निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने हाँगकाँगमध्ये बनलेली प्लास्टिकच्या प्राण्यांची स्वस्त पाकिटं आणली होती. ते प्राणी कोणते, हे ती बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. त्यातूनच घुबड-अस्वलाची सरमिसळ असलेला 'आउलबेअर' आणि 'रस्ट मॉन्स्टर' तयार झाले.

या रस्ट मॉन्स्टरकडे जरा नीट बघा. त्याच्या मिशा लोखंडाला लागल्या की लोखंड गंजतं आणि तो ते खाऊन टाकतो. माणसात त्याला रसच नाही. पण तुम्ही दहा आठवडे खेळून कमावलेली तलवार गेली ना! म्हणजे ड्रॅगनपुढे छाती काढणारा योद्धा इथे पळत सुटतो आणि लाकडी काठीवाला जादूगार मागे निवांत उभा राहतो. चांगला प्राणी ओळखायचा तो असा. तो टेबलावरच्या माणसांना वेगळा विचार करायला लावतो. आठ डोळे आणि बारा शिंगं कुणीही काढेल.

दुसरा नमुना 'फ्लम्फ'. १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ' या पुस्तकात तो आला. त्यातले बरेच प्राणी 'व्हाइट ड्वार्फ' या ब्रिटिश मासिकाच्या वाचकांनी पाठवलेले होते. फ्लम्फ म्हणजे हवेत तरंगणारा जेलीफिश, स्वभावाने सज्जन, आणि उलटा पडला की बिचाऱ्याला काहीच करता येत नाही. लोकांनी वर्षानुवर्षं त्याची टिंगल केली. आणि २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तोच फ्लम्फ दिमाखात परत आला.

हल्ली असे प्राणी जास्त दिसतात ते स्वतंत्र, म्हणजे इंडी गेममध्ये. अनेकदा एकच माणूस लिहितो, चित्र काढतो आणि पीडीएफ विकतो. २०१९ मध्ये किकस्टार्टरने 'झीन क्वेस्ट' सुरू केलं आणि छोट्या, एकरंगी छपाईच्या पुस्तिकांचा पूर आला. ब्रिटनमधल्या 'ट्रोइका!'मध्ये प्रत्येक शत्रूसोबत मूडची यादी असते. फासा टाकून ठरवायचं की समोरचा प्राणी आज चिडलाय, भुकेला आहे की गप्पांच्या मूडमध्ये आहे. 'माउसरिटर'मध्ये तुम्ही उंदीर असता, त्यामुळे साधी मांजरसुद्धा ड्रॅगनसारखी वाटते. नवीन काही शोधलंच नाही, फक्त बघणारा बदलला!

चित्राचं काम इथेच सुरू होतं. प्राणी नुसता पोज देऊन उभा असेल तर खेळणाऱ्याला काही कळत नाही. तो काहीतरी खात, लपवत, ओढत असला पाहिजे. शेजारी एखादा माणूस किंवा चहाचा कप काढला की आकार कळतो. नुसत्या काळ्या सावलीवरून प्राणी ओळखू आला तर आकृती जमली. आणि वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या काळ्या-पांढऱ्या छपाईत बारीक रेघा चिकटतात, म्हणून रेघ जाड ठेवलेली बरी.

एवढी मेहनत का? कारण दुसऱ्याचा प्राणी उचलता येतोच असं नाही. आउलबेअर, रस्ट मॉन्स्टर हे २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुल्या झालेल्या नियमसंचात आहेत. त्या नियमसंचाचं श्रेय दिलं की ते वापरता येतात, पण त्यांची अधिकृत चित्रं नाही. फ्लम्फ त्या संचात नाहीच. चित्रकारासाठी तर करार आणखी महत्त्वाचा. सगळे हक्क लिहून दिले, तर उद्या तुमच्याच प्राण्याचे टी-शर्ट निघतील आणि तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही. काम घेण्याआधी एवढं विचारून घ्या : चित्र फक्त या पुस्तकापुरतं देताय की कायमचं, आणि मूळ प्राणी कुणाच्या नावावर राहणार?