कृष्णेचें पाणी व जनतेचें कर्ज

पाण्याचा हक्क निवाड्यानें मिळतो. तें शेतांत पोंचविण्यास पैका लागतो. बच्छावत लवादानें १९७६ सालच्या अंतिम निवाड्यांत कृष्णेचें ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्रास दिलें. मात्र ३१ मे २००० नंतर फेरविचाराची वाट मोकळी ठेविली. तोंवर न अडविलेलें पाणी हातचें जाईल, या धास्तीनें सरकारनें १९९६ सालीं कृष्णा खोरें विकास महामंडळ स्थापिलें आणि स्वतःची हमी देऊन कर्जरोखे विक्रीस काढले. आपल्यापैकीं कांहींनीं ते घेतलेहि असतील! धरणें उठलीं, कालवे मागें पडले. धरणाची भिंत दुरून दिसते, शेताची चारी दिसत नाहीं. आटपाडी-सांगोल्याच्या शेतकऱ्यांस टेंभू योजनेच्या पाण्याची वाट त्यानंतरहि कित्येक वर्षें पाहावी लागली.