विक्रेत्याचे देणे

आर्थर मिलर यांचे 'डेथ ऑफ ए सेल्समन' हे नाटक रंगभूमीवर यावयाचे होते, तेव्हा त्याच्या निर्मात्यांस नावातील 'मृत्यू' हा शब्द सलत होता. प्रेक्षक बिचकतील, म्हणून त्या जागी अखेरच्या प्रवेशातील ऋणमुक्तीच्या अर्थाचे शब्द घालावे, असा त्यांचा आग्रह होता. मिलर यांनी तो मानला नाही. १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तो मूळ नावानेच, आणि प्रयोगसंख्या ७४२ वर गेली. निर्मात्यांचा बाजाराचा अंदाज चुकला खरा. परंतु नाटकाचे मर्म कोठे आहे, हे त्या व्यवहारी मंडळींनी बरोबर हेरले होते.

विली लोमन हा ६३ वर्षांचा फिरता विक्रेता. ३४ वर्षे त्याने एकाच पेढीची चाकरी केली, आणि आता जुन्या मालकाचा मुलगा त्यास कामावरून दूर करतो. फळ खाऊन साल फेकावी तसे माणसाचे करता येत नाही, अशा आशयाचे त्या वेळचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांत क्रांतीची घोषणा ऐकणारे टीकाकार पुष्कळ निघाले. वस्तुतः बिचारा विली मालकाच्या वडिलांनी दिलेल्या शब्दाची आठवण करून देत असतो. त्यास व्यवस्था बदलावयाची नाही, तीत आपली ओळख राहावी एवढेच हवे आहे.

त्याहून खोल बोल त्याची पत्नी लिंडा हिचे. पतीपाशी थोरवी नाही, पैसा नाही, कीर्ती नाही, हे ती मुलांपुढे कबूल करते. तरीही त्याच्याकडे लक्ष दिलेच पाहिजे, असे बजावते. इंग्रजीत लक्ष देण्यास जे क्रियापद योजतात तेच कर्ज फेडण्यासही. आपल्याकडेही 'देणे' म्हणजे ऋणच. घराचे, रेफ्रिजरेटरचे हप्ते ज्या घरात रोज मोजले जातात, तेथे न फेडलेले हे एक देणे लिंडा दाखवून देते. सामान्य मनुष्यही राजांइतकाच शोकांतिकेस पात्र आहे, असे मिलर यांनी २७ फेब्रुवारी १९४९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील निबंधात तात्त्विक भाषेत मांडले. लिंडाचा दावा तोच आहे, आणि तो अधिक नेमका आहे.

विम्याचे २० हजार डॉलर मुलास मिळावे म्हणून विली मोटारीत जीव देतो. दफनानंतर लिंडास रडू येत नाही. घराच्या २५ वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता तिने त्याच दिवशी भरलेला असतो. ते ती थडग्यापाशी त्यास सांगू लागते, आणि तेव्हा तिला हुंदका फुटतो.