'भारी झालाय व्हिडिओ!' या फीडबॅकमधून नेमकं शिकायचं काय?

कॉलेजच्या ग्रुपने एक गाणं शूट केलं. रात्री जागून एडिट केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली. दहा मिनिटांत रिप्लाय आले: 'भारी', 'कडक', 'आग लावली भावा'. सगळे खुश.

आता या तीन रिप्लायवरून पुढचा व्हिडिओ चांगला कसा करायचा, ते सांगा.

नाही सांगता येत ना? ब्रिटनमधल्या हजारो पोरांना हाच प्रश्न परीक्षेत यायचा, आणि त्याला मार्क असायचे.

परीक्षेत गाण्याचा व्हिडिओ?

तर झालं असं, ब्रिटनमध्ये साधारण 16 ते 18 वयात 'ए-लेव्हल' नावाची परीक्षा असते. आपल्या अकरावी-बारावीसारखी. त्यात मीडिया स्टडीज हा विषय घेता येतो. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या जुन्या अभ्यासक्रमात 'जी324' नावाचं प्रोजेक्ट होतं आणि त्यात म्युझिक व्हिडिओचा पर्याय असायचा. सोबत सीडीचं कव्हर आणि मासिकातली जाहिरातही बनवायची. हे सगळं झालं की चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यातला तिसरा प्रश्न असा: प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांमधून तुम्ही काय शिकलात?

100 पैकी 20 मार्क या चार प्रश्नांच्या उत्तरांना होते. पोरं कॅमेऱ्यावर जीव टाकायची आणि इथे येऊन अडकायची. कारण प्रश्न 'लोकांना आवडलं का' असा नाहीच. 'तुम्ही काय शिकलात' असा आहे. '10 पैकी 8 जणांना आवडला' हे त्याचं उत्तर होत नाही.

तुम्ही दाखवलं एक, लोकांनी बघितलं दुसरंच

या प्रश्नामागे ज्याचं डोकं आहे, तो माणूस म्हणजे स्टुअर्ट हॉल. जन्म जमैकातला, काम इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात. 1973 मध्ये त्यांनी 'एन्कोडिंग-डिकोडिंग'ची मांडणी केली. सोप्या भाषेत सांगायचं तर, बनवणारा त्यात एक अर्थ भरतो, पण बघणारा तोच अर्थ बाहेर काढेल याची गॅरंटी नसते. हॉलच्या मते बघणारे तीन प्रकारे बघतात. काही जण तुम्हाला हवा तोच अर्थ घेतात. काही जण थोडा घेतात, थोडा आपल्या अनुभवाप्रमाणे बदलतात. आणि काही जणांना तुमचा अर्थ कळतो, पण पटत नाही.

समजा, तुमच्या व्हिडिओत मुलगी स्टेशनवर उभी आहे, ट्रेन येते, ती चढत नाही. तुमच्या मते ती त्याची वाट बघतेय. एक मित्र म्हणाला, 'घर सोडून निघालेली, पण धीर झाला नाही.' दुसरा म्हणाला, 'गर्दी होती म्हणून सोडली असेल.' (मुंबईकर असेल तर शंभर टक्के हेच म्हणणार.) पहिल्याचा अर्थ वेगळा असला तरी गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचली. दुसऱ्याच्या बाबतीत तुमचा शॉट फेल गेला. प्लॅटफॉर्म रिकामा दाखवला असता तर तो असं बोललाच नसता.

तिसरी प्रतिक्रिया सगळ्यात जास्त बोचते. एखादी मैत्रीण म्हणते, 'गाणं छान आहे, पण कॅमेरा तिच्या कमरेवर आणि पाठीवरच का फिरतोय? ती विचार काय करतेय ते एकदाही दिसलं नाही.' इथे 'तुला कळलंच नाही' असं म्हणून चालत नाही. तिला कळलंय, म्हणूनच ती बोलतेय. सिनेमातला कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या नजरेने बघतो, हे लॉरा मल्व्ही यांनी 1975 मध्येच हॉलिवूडबद्दल लिहून ठेवलंय. पॉप व्हिडिओंनी ती सवय जशीच्या तशी उचलली, आणि आपण पॉप व्हिडिओ बघून शिकलो. म्हणजे ही नजर आपण ठरवून घेतलेली नसते, नकळत कॉपी होते. त्यामुळे माझ्या मते 50 'कडक' एका बाजूला आणि ही एक प्रतिक्रिया दुसऱ्या बाजूला.

'काहीतरी गंडलंय' याचं भाषांतर

प्रेक्षक टेक्निकल भाषेत बोलत नाहीत. त्यांना कुठे खटकलं ते बरोबर कळतं, पण का खटकलं हे सांगताना ते बहुतेक वेळा चुकतात. 'मध्ये बोअर झालं', 'खोटं वाटलं', 'ती नीट गात नाहीये'. यातून खरा दोष शोधायचं काम तुमचं.

लिप-सिंकचंच घ्या. टीव्हीच्या हिशोबाने सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. आवाज आणि ओठ किती मागेपुढे झाले की माणसाला कळतं, याचे आकडे आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेने दिलेत: आवाज साधारण 45 मिलिसेकंद आधी आला किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला, तर लक्षात येतं. म्हणजे आवाज उशिरा आला तर तीन फ्रेमपर्यंत लोक चालवून घेतात, पण दोन फ्रेम आधी आला की लगेच खटकतो. कारण साधं आहे. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर येतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय असते, आधी येणाऱ्याची नसते.

आता 'ती खोटं गातेय असं वाटतं' अशी प्रतिक्रिया आली, की लगेच हिरोईनच्या अ‍ॅक्टिंगला नावं ठेवू नका. आधी टाइमलाइनवर क्लिप दोन फ्रेम सरकवून बघा. फोनवर शूट केलं असेल तर आणखी एक भानगड असते. बरेच फोन फ्रेम रेट कमी-जास्त करत शूट करतात, त्यामुळे क्लिपच्या सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी सुटतात. आणि ओठ जुळत असूनही खोटं वाटत असेल, तर शूटच्या वेळी ती नुसते ओठ हलवत होती का, ते बघा. मोठ्याने प्लेबॅक लावून खरंच गायला लावलं की गळ्याच्या शिरा दिसतात, श्वास दिसतो. ते एडिटमध्ये आणता येत नाही.

'गाण्याचा आणि व्हिडिओचा संबंध काय?' हाही नेहमीचा फीडबॅक. अँड्र्यू गुडविन यांनी 1992 च्या पुस्तकात शब्द आणि दृश्य यांची तीन नाती सांगितली आहेत: दृश्य शब्दांचं चित्रच काढतं, शब्दांत नसलेलं काही वाढवतं, किंवा मुद्दाम वेगळ्याच दिशेला जातं. तुम्ही तिसरं निवडलं असेल आणि लोक गोंधळले, तर ती चूकच असेल असं नाही. पण तुम्ही पहिलं करायला गेलात आणि लोकांना ते तिसरं वाटलं, तर मात्र घोळ आहे.

विचारायचं कोणाला, कधी?

आईला विचारू नका. म्हणजे दाखवा जरूर, पण मार्क तिच्याकडून घेऊ नका. ज्यांच्यासाठी गाणं केलंय त्या वयाचे, पण शूटला नसलेले लोक शोधा. शूटला असलेल्याला कथा आधीच माहीत असते.

वेळही महत्त्वाची. व्हिडिओ अपलोड झाल्यावर आलेला फीडबॅक फक्त पुढच्या व्हिडिओच्या कामाचा. रफ कटवर, कलर करण्याआधी आलेला फीडबॅक याच व्हिडिओला वाचवतो. त्यातच तो ड्रोन शॉट निघतो, जो तुम्हाला फार आवडलेला असतो आणि ज्याच्यावर प्रत्येक जण मोबाइल चेक करतो.

'आवडला का?' हे विचारूच नका. 'यात काय झालं ते सांग' म्हणा आणि गप्प बसा. समजावून सांगायची हुक्की आली तरी गप्प. कमेंटमध्ये जाऊन कुणाला समजावता येणार नाहीये.

आकडे बघायचे का?

बघा, पण जपून. यूट्यूब स्टुडिओमध्ये रिटेन्शनचा ग्राफ मिळतो. कुठल्या सेकंदाला लोक निघून गेले आणि कुठला भाग पुन्हा बघितला गेला, हे त्यात दिसतं. एकाच जागी कडा कोसळल्यासारखा ग्राफ पडला तर तिथला शॉट तपासा. फक्त व्ह्यूज 20 असतील तर एक माणूस म्हणजे 5 टक्के. त्याला मध्येच फोन आला तरी ग्राफ पडतो. डिसलाइकचा आकडा तर यूट्यूबने नोव्हेंबर 2021 पासून लोकांना दाखवणंच बंद केलं. तो आता फक्त चॅनलवाल्याला दिसतो.

आणि शिव्या म्हणजे फीडबॅक नाही. 2011 मध्ये रेबेका ब्लॅक या 13 वर्षांच्या अमेरिकन मुलीच्या 'फ्रायडे' गाण्यावर अख्खं इंटरनेट तुटून पडलं होतं. तेव्हाच्या सगळ्यात जास्त डिसलाइक मिळालेल्या व्हिडिओंमध्ये ते गाणं होतं. त्या ढिगातून त्या पोरीने काय शिकायचं होतं? तिने गाणं सोडलं नाही, आजही ती पॉप गाते. 2021 मध्ये त्याच गाण्याचं रिमिक्सही तिने काढलं.

तो प्रश्न आता कुठे गेला?

ब्रिटनमध्ये 2017 पासून ए-लेव्हलचा अभ्यासक्रम बदलला. प्रॅक्टिकल प्रोजेक्टला आता 30 टक्के वेटेज आहे आणि शेवटी लिहायची ती चार उत्तरं गेली. त्याऐवजी पोरं काम सुरू करतानाच एक छोटं निवेदन लिहितात: आम्ही काय बनवणार, कोणासाठी, आणि त्यातून काय पोहोचवणार.

आपल्याकडे बीएएमएमसीला किंवा हौसेखातर व्हिडिओ करणाऱ्यांनाही हे कॉपी करता येईल. शूटच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहा, फोटो काढून ग्रुपवर पिन करा. रफ कट तयार झाला की पाच जणांना एकेकटं बसवून दाखवा, प्रत्येकाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि मग तो फोटो उघडा.