बघणारा देव आणि सोबत चालणारा देव

स्मरणिकेसाठी लेख मागताना ग्रुपवर मला सुचवलं गेलं, की "तू तंत्रज्ञानावर लिही." वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली की लोक आपल्याकडून तेवढंच मागतात. पण शाळेत माझा आवडता तास इतिहासाचा होता, आणि गेली दोन-तीन वर्षं फावल्या वेळात मी एक जरा वेगळा इतिहास वाचते आहे : देव सगळीकडे असतो, हे लहान मुलांना कसं शिकवलं गेलं त्याचा. आपल्याकडे खांबातला नृसिंह आहे, औंढ्या नागनाथाला पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर आहेत. त्या गोष्टी आपल्यापैकी कोणाला नव्याने सांगायला नकोत. मी वाचते आहे ते बायबलमधल्या गोष्टींबद्दल. त्या मुलांना कशा सांगाव्यात यावर इंग्रजीत तीनशे वर्षांचं लिखाण आहे, आणि शिकवणाऱ्याने गोष्टीचं काय काय केलं हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं.

सुरुवात हागारपासून करते. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, ती येते. अब्राहामाच्या घरातली ही मिसरी दासी. मालकिणीला, सारेला, मूल होत नाही म्हणून तीच हागारला नवऱ्याच्या हवाली करते. हागारला दिवस जातात आणि मग मालकीण तिचा छळ करू लागते. हागार पळून जाते. वाळवंटात, शूरच्या वाटेवर, एका झऱ्याजवळ देवदूत तिला विचारतो, कुठून आलीस आणि कुठे चाललीस? आजवर हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नव्हता. तो तिला परत जायला सांगतो, हे मला आजही खुपतं, आणि ही गोष्ट सांगणाऱ्या अनेकांनाही खुपलं असणार. पण तिला मुलगा होईल आणि त्याचं नाव इश्माएल ठेवावं, हेही तो सांगतो. इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो'. त्यावर ही दासी उलट देवालाच नाव देते : मला पाहणारा देव. जिच्याकडे कोणी माणूस म्हणून पाहिलं नाही, तिने कृतज्ञतेने दिलेलं हे नाव आहे.

आता हेच शब्द पुढे कुठे पोचले ते पाहा. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये देव मला पाहतो या अर्थाची ही ओळ भरतकाम करून घराच्या भिंतीवर टांगत. कधी सोबत एक मोठा, उघडा डोळाही काढलेला असे. हागार गेली, झरा गेला, छळ गेला. उरला तो फक्त डोळा, आणि त्याच्याखाली साखरेच्या डब्याकडे हात नेणारं पोर.

हे एका दिवसात झालं नाही. 1715 साली आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाने मुलांसाठी गीतांचं एक पुस्तक काढलं. पुढची दीडशे वर्षं इंग्रजी बोलणाऱ्या घरांत ते पाठ होत राहिलं. त्यात सर्वसाक्षी देवावर एक गीत आहे. त्यातला देव अंधारातही पाहतो आणि प्रत्येक पाप एका वहीत टिपून ठेवतो. शेवटच्या न्यायाच्या दिवशी ती वही उघडायची. आमच्या भाषेत याला लॉग म्हणतात. माझ्या कामाचा एक भाग नेमका हाच आहे : कोण केव्हा कुठे होतं याच्या नोंदी साठवणं. त्यामुळे ठामपणे सांगू शकते, की नोंद ठेवणाऱ्याला नोंदीतल्या माणसाबद्दल माया असावी लागत नाही. (याच वॉट्सच्या मधमाशीच्या गीताची लुइस कॅरलने 'अॅलिस'मध्ये मगर करून टाकली, 1865 मध्ये. ज्यांना ते पाठ करावं लागलं होतं त्या मुलांना त्या मगरीने काय आनंद दिला असेल!)

वॉट्सला एकट्याला दोष देणं मात्र बरोबर नाही. त्या काळात मुलं पटापट मरत. मरणाआधी मुलाचा आत्मा वाचावा ही आईबापांची खरी चिंता होती. भीती घातली ती प्रेमापोटीच, असंही म्हणता येईल. मी तसं म्हणते, पण पूर्ण पटत नाही.

दुसरी वाट काढली अॅना बार्बोल्ड या बाईंनी. सफोकमधल्या पाल्ग्रेव्ह गावी नवऱ्याबरोबर त्या मुलांची शाळा चालवत आणि सगळ्यात लहान वर्ग स्वतः घेत. चिमुकल्यांसाठी त्यांनी मोठा टाइप आणि रुंद समास असलेली वाचनपुस्तकं तयार केली. आज ही साधी बाब वाटते, पण ती कोणाला तरी पहिल्यांदा सुचावी लागते. 1781 मध्ये त्यांचं मुलांसाठी गद्य स्तोत्रांचं पुस्तक आलं. पाठांतर त्यातही होतंच, पण त्यातला देव वही घेऊन बसलेला नाही. तो कोकरात आहे, फुलात आहे, रात्री झोपलेल्या मुलाच्या उशाशी आहे. मुलाने जे जे पाहावं त्यात त्याला देव आठवावा, एवढीच बार्बोल्डबाईंची इच्छा. नजरेची दिशाच उलटली : देव मुलाकडे पाहण्याऐवजी मूल देवाकडे पाहू लागलं.

त्याच सुमाराला, 1780 मध्ये, ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रवाल्याने रविवारच्या शाळा सुरू केल्या, आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांसाठी. तिथे बायबल हेच वाचायला शिकण्याचं पुस्तक होतं. दोन्ही देव, वॉट्सचा आणि बार्बोल्डबाईंचा, या शाळांतून जगभर गेले.

आपल्याकडची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्ती सदनात बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईमाणसालाही कळावी अशी मराठी त्यांना हवी होती. टाइप जुळवायला आणि छापायला सदनातल्याच स्त्रिया होत्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. सदनात दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या, घराने टाकलेल्या विधवा होत्या. हागारच्या पानाचे खिळे जुळवणाऱ्या त्या हातांना भिंतीवरचा डोळा दिसला असेल, असं मला वाटत नाही. त्यांना तो झरा दिसला असणार.

विसाव्या शतकातलं वळण रोममध्ये आलं. सोफिया कावालेत्ती या हिब्रूच्या अभ्यासक. 1954 मध्ये त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीने लहान मुलांना बायबल सांगायला सुरुवात केली. मॉन्टेसरी म्हटलं की आपल्याला ताराबाई मोडक आणि बोर्डीची बालवाडी आठवते; मूळ तेच. पुढे जेरोम बेरीमन या अमेरिकन धर्मगुरूने इटलीत मॉन्टेसरीचं शिक्षण घेतलं आणि त्यावरून आपली पद्धत बसवली. तिचं सामान म्हणजे वाळूने भरलेली एक पेटी, लाकडाच्या काही बाहुल्या आणि थोडे खडे. सांगणारी व्यक्ती जमिनीवर बसते आणि मुलांकडे न पाहता वाळूकडे पाहते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकित झाले, कारण आपल्याला तर वर्गावर नजर ठेवणं हेच शिक्षकाचं पहिलं काम वाटतं. बाई, सर, तुम्हीच सांगा. (पाठांतर मात्र या पद्धतीत जवळपास गेलं. त्याचं मला थोडं वाईट वाटतं.)

त्या पेटीत सांगतात ती अब्राहाम आणि सारेची गोष्ट. ऊर गावचे लोक समजत की झाडाचा देव झाडात, नदीचा नदीत. या कुटुंबाला वाटायचं, देव प्रत्येक ठिकाणी पूर्णपणे असतो. मग गाव सोडायची वेळ येते. फरात नदीच्या काठाने हारानपर्यंत जातात, तिथून शखेमला, बेथेलजवळ, शेवटी हेब्रोनला. बाहुल्या वाळूतून सरकतात, मागे रेघ उमटते. दर मुक्कामाला अब्राहामापुढे तोच प्रश्न : देव इथेही असेल का? तो एकटा थोडा दूर जातो, ऐकतो, परत येतो आणि खड्यांची लहानशी वेदी रचतो.

आपल्या बॅचमधले निम्मे लोक गाव सोडून गेलेले आहेत, कोणी पुण्याला, कोणी न्यू जर्सीला. परक्या शाळेच्या पहिल्या दिवशी आपल्या मुलांच्या मनात असाच काहीसा प्रश्न आला असेल.

गोष्ट संपल्यावर सांगणारी व्यक्ती तात्पर्य सांगत नाही. यातला कोणता भाग तुला सगळ्यात आवडला, तू यात कुठे आहेस, असं काही विचारते आणि थांबते. मुलं बराच वेळ गप्प बसतात. मग एखादं मूल हात पुढे करून एक बाहुली उचलतं आणि वाळूत हव्या त्या ठिकाणी ठेवतं.